मामांच्या होडीला मी लावलेला हात

वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्याकडच्या रानात जेवायच्या सणाला, पोटभर भज्जी खाऊन, वर आंबवलेल्या ताकाची आंबील ढोसून माणूस जे काही बोलतो ते त्याच्या नावावर धरू नये, असा एक नियम आमच्याकडे असायला हवा होता. तो नाही. त्यामुळे गेल्या वेळ अमावस्येला सासऱ्यांच्या शेतात बाभळीखाली बसून मी "त्यात काय, मी करतो" असं म्हणालो, आणि ते माझ्या नावावर धरलं गेलं.

करायचं होतं ते होडीचं काम. लातूरच्या माणसाच्या तोंडी होडी हा शब्द शोभत नाही हे मला मान्य आहे. आमच्या शहराला एका उन्हाळ्यात पाणी रेल्वेनं आणावं लागलं होतं. तेव्हापासून आमच्यातली बरीच माणसं नळाला पाणी आलं की उभी राहून बघतात. (मी बसून बघतो, पण बघतो.) आमच्या ऑफिसात कुणी "रविवारी काय केलंत?" असं विचारलं आणि मी "होडीला पॉलिश केलं" असं सांगितलं असतं, तर माझी फाईल आरोग्य खात्याकडे गेली असती.

पण माझं लग्नच अशा घरात झालं, त्याला इलाज नाही. माझे सासरे मन्मथअप्पा, मी त्यांना मामा म्हणतो, ऐन तरुणपणी घरातून निघून नेव्हीत गेले. त्यांच्या घराण्यात त्याआधी विहिरीपेक्षा मोठं पाणी कुणी पाहिलं नव्हतं. नोकरी संपवून परत आले ते नांदेडजवळ, धरणाच्या फुगवट्याला लागून शेत घेऊन राहिले. पुढे हैदराबादच्या कुठल्याशा क्लबानं मोडीत काढलेली एक छोटी शिडाची होडी त्यांनी मिळवली आणि हळद पोचवून रिकाम्या परतणाऱ्या एका ट्रकात घालून घरी आणली. सासूबाई, म्हणजे कस्तुराबाई, सांगतात की पुढचं वर्षभर त्या होडीला हळदीचा वास येत होता आणि नवरीसारखी ती अंगणात बसून होती. सासूबाईंनी तिला कधी आपलं म्हटलं नाही. पण दर रविवारी मामा तिला पाण्यात घालायचे आणि लहानगी सुकन्या, म्हणजे आताची माझी बायको, पुढच्या टोकाला बसून जायची.

गेली काही वर्षं होडी आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्यापाशी, पालथी पडून होती. मामांच्या डोळ्यांत काचबिंदू झाला होता आणि तो कडेकडेनं नजर खात आत येत होता. आता त्यांना माणूस सावलीसारखा दिसायचा, आवाजावरून ते ओळखायचे. त्या दिवशी जेवणं झाल्यावर ते कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाले की पाणी उतरायच्या आत एकदा जाऊन यावं वाटतं, पुढच्या साली उजेडही दिसेल की नाही कोण जाणे. सासूबाई एरवी नको म्हणायच्या, त्या दिवशी म्हणाल्या नाहीत. सुकन्या सोबत असेल तर जा म्हणाल्या, आणि पदरानं ताट पुसत बसल्या. ताट आधीच पुसलेलं होतं.

अडचण लाकडाची होती. होडीचं अंग फायबरचं, ते धडधाकट होतं. पण बसायची फळी, सुकाणू, सुकाणूचा दांडा, आणि होडीच्या पोटातल्या फटीतून खाली पाण्यात सोडायची एक लांब फळी, असं सगळं लाकूडकाम ऊनपावसानं करडं पडलं होतं. जुन्या व्हार्निशचे पापुद्रे निघत होते. मामा म्हणाले, एखादा सुतार बघावा लागेल. आणि नेमकं तेव्हा मी ते बोललो.

सुकन्यानं माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरातल्या कपाटाचं दार मी दुरुस्त केल्यापासून ते दार भिंतीला टेकवून ठेवलेलं असतं. ते तिच्या डोळ्यांसमोर आलं असावं. पण वडिलांच्या तोंडावर इतका आनंद दिसत होता की ती काही बोलली नाही. तिनं तेव्हाच मला तोंडघशी पाडायला हवं होतं. नवऱ्याचा मान राखण्याची सवय फार नुकसान करते.

मामांनी स्वतः चाचपून चाचपून एकेक भाग सोडवला आणि माझ्या हातात दिला. प्रत्येक भाग देताना तो काय काम करतो तेही सांगितलं. ते मी ऐकलं नाही असं नाही. पण आंबील अंगात भिनत होती, ऊन कोवळं होतं, आणि माझी मान प्रत्येक वाक्याला बरोबर हलत होती, त्यामुळे त्यांना वाटलं मला समजतंय आणि मलाही तसंच वाटलं. शेवटचं तेवढं नीट आठवतं. "जुनं रोगण खरवडून काढा," ते म्हणाले, "तेल पाजा, वरून व्हार्निश मारा. आकाराला तेवढा हात लावू नका, जावईबापू." मी म्हणालो, छे. मग सासूबाईंच्या जुन्या लुगड्यात ते सगळं बांधून आम्ही लातूरला आणलं.

पहिल्या रविवारी मी बाल्कनीत बसून पॉलिशपेपरनं फळी घासायला घेतली. खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या पापडांवर त्याचा भुगा पडला. खालच्या वहिनी वर आल्या आणि काही न बोलता दोन पापड माझ्या हातात देऊन गेल्या. तो प्रयोग तिथंच थांबला. सुकन्या हायस्कूलला विज्ञान शिकवते, तिच्या प्रॅक्टिकलच्या परीक्षा चालू होत्या, आणि घरात ती फक्त जेवायला आणि माझ्याकडे संशयानं पाहायला येत असे. तिला म्हणालो, मी हे दस्तगीरभाईंच्या कारखान्यात नेऊन करतो. ती म्हणाली, "त्यांना नीट सांगा काय आहे ते." मी म्हणालो, सांगतो.

दस्तगीरभाई माझे शाळेपासूनचे मित्र. त्यांचा दिवाण, पलंग, देव्हारे बनवायचा कारखाना आहे आणि लग्नसराईत त्यांच्या पॉलिशला निलंग्यापासून गिऱ्हाईक येतं. मी लुगड्याचं गाठोडं सोडलं तेव्हा तिथं आणखी चारपाच माणसं बसलेली होती. त्यांच्यासमोर होडी म्हणायला माझी जीभ रेटेना. म्हणालो, सासऱ्यांचं जुनं सामान आहे, त्यांच्या बैठकीचं. (बसायची फळी होती, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं.)

दस्तगीरभाईंनी फळीवरून बोट फिरवलं. "लाकूड अच्छा आहे, पण मरून राहिलंय. ह्याला फ्रेंच पॉलिश मारू. चेहरा दिसला पाहिजे."

"मारा," मी म्हणालो.

"पाणी लागणार का ह्याला?"

"थोडं लागेल."

लातूरच्या माणसाला पाण्याचं माप विचारलं की तो थोडं असंच म्हणतो. भाई म्हणाले, मग दोन हात जास्त मारतो, आणि कामाला लागले. फ्रेंच पॉलिश म्हणजे लाखेचं, ते दिवाणखान्यात शंभर वर्षं टिकतं आणि पाण्यात तासभरही टिकत नाही, हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं. भाईंना माहीत होतं. पण दिवाण पाण्यात चालला आहे हे त्यांना माहीत नव्हतं.

त्या पोटातून खाली सोडायच्या लांब फळीचं खालचं टोक थोडं भुसभुशीत झालेलं होतं. भाई म्हणाले, तेवढं बोटभर कापून काढू, मी नमाजहून आल्यावर, तोवर मशीनला हात लावू नका. ते गेले. मशीन समोर होतं, बटण हिरवं होतं. वाटलं, एवढंसं टोक तर उडवायचं. उडवलं. ते तिरकं उडालं. एका बाजूला जास्त गेलं, म्हणून दुसऱ्या बाजूनं सारखं करायला गेलो, तर ती बाजू जास्त गेली. असं ज्यांनी कधी टेबलाचे पाय सारखे केलेत त्यांना पुढचं सांगायला नको. टेबलाच्या बाबतीत निदान एक गोष्ट बरी असते, की शेवटी त्याचा पाट तरी होतो. भाई परत आले तेव्हा फळी निम्मी उरली होती, पण टोक ओळंब्यात होतं. भाईंनी फळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मित्राला बरं वाटावं म्हणून म्हणाले, "जाऊ द्या. खाली कोण वाकून बघतंय?"

राहिला सुकाणूचा दांडा. हातात धरून सुकाणू वळवायचं ते हातभर लाकूड. आता ते आठवलं की माझा हात अजून आपोआप मुठीसारखा होतो. ते लाकूड मधे झिजून बारीक झालेलं होतं, किंचित वाकल्यासारखं. एका अंगाला अंगठा बसेल एवढी खाच पडली होती, आणि तिथं ते लाकूड इतकं काळं आणि मऊ होतं की ते लाकूड वाटत नव्हतं. फळीच्या बाबतीत जे घडलं ते मला मनातून टोचत होतं. वाटलं, ह्या एका भागात तरी मामांना काहीतरी चांगलं द्यावं. दस्तगीरभाईंकडे एका दिवाणाचा पाय शिल्लक होता. अस्सल सागवान, लेथवर कातलेला, मधे तीन कंगोरे, टोकाला कमळाची कळी. मी म्हणालो, ह्याच्या जागी हा बसवा. भाईंनी बसवला. पॉलिश केल्यावर त्या कळीत माझा चेहरा दिसत होता आणि मी खुश दिसत होतो.

जुना दांडा मी बाजूला टाकला. कुठं टाकला ते मी पाहिलं नाही. कारखान्याच्या कोपऱ्यात एक चूल असते, तिच्यावर सरस तापतो आणि आलटूनपालटून चहा होतो. त्या संध्याकाळी भाईंनी काम पुरं झाल्याचा चहा पाजला. चहा फार छान झाला होता. मी तसं म्हणालोसुद्धा, आणि आणखी अर्धा कप मागून घेतला.

होळीच्या आधीच्या रविवारी आम्ही नांदेडला गेलो. मामांनी गडी लावून होडी पाण्याच्या कडेला आणवली होती. स्वतः अंघोळ करून, विभूती लावून, कडक पांढरी पँट घालून उभे होते. शेजारच्या आखाड्यांवरची मंडळी जमली होती. लुगडं सोडलं तेव्हा सगळ्यांनी माना पुढं काढल्या. उन्हात ती फळी अशी चमकली की कुणीतरी म्हणालं, देव्हाऱ्यासारखी दिसतीया. सासूबाईंनी पहिल्यांदाच त्या होडीकडे जरा आपुलकीनं पाहिलं. मी कौतुकाची वाट पाहत मामांच्या शेजारी उभा राहिलो.

मामांनी आधी बसायच्या फळीवरून हात फिरवला. "गुळगुळीत लई झालंय," म्हणाले. मग सुकाणूपाशी वाकले आणि दांड्यावर हात ठेवला.

हात तिथंच थांबला. मग तो हळूहळू पुढं गेला, कंगोऱ्यांवरून, कळीपर्यंत, आणि परत मागं आला. पुन्हा पुढं गेला. अंगठा काहीतरी शोधत होता. मी बघत होतो आणि मला कळत नव्हतं की हे एवढा वेळ काय चाललंय.

"जुना कुठाय?" त्यांनी विचारलं.

मी उत्साहानं सांगितलं की तो पार झिजला होता, हा नवा आहे, सागवानी.

"हाव," मामा म्हणाले. एवढंच. आणि चढून बसले.

सुकन्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. ती पुढच्या टोकाला जाऊन बसली. मी काठावरून टाळ्या वाजवायच्या असं माझ्या मनात होतं, पण मामा म्हणाले, काम तुमचं हाय, तुम्हीबी चला. म्हणून मधल्या चकचकीत फळीवर मी बसलो. पाण्यात ढकललं, शीड वर गेलं, वाऱ्यानं फुगलं, काठावरून कुणीतरी शिट्टी मारली, आणि आम्ही निघालो.

आडवे निघालो.

होडीचं तोंड धरणाच्या भिंतीकडे होतं आणि होडी चालली होती पलीकडच्या काठाकडे, कुशीवर वळलेल्या म्हशीसारखी. मामा दांडा इकडे ढकलत, तिकडे ढकलत. तोंड वळायचं, जाणं तेच राहायचं. सुकन्या पुढून सांगत होती, अप्पा, डावीकडं जातोय, अप्पा, अजून डावीकडं. मामा दोरी ओढत होते, सोडत होते, हवा गालावर घेऊन मान तिरकी करत होते. त्यांच्या कपाळावर घाम आला. मला आधी वाटलं हा काही नेव्हीतला प्रकार असेल.

"सुके, खालची फळी पुरी सोडली का?"

"सोडली, अप्पा."

मामा म्हणाले, "जावईबापू, फळी केवढी ठिवली तुम्ही?"

मी दोन्ही हातांनी माप करून दाखवलं. (ज्यांना दिसत नाही त्यांना.) मग सुकन्यानं मागं वळून माझे हात पाहिले आणि तिनं ते माप तोंडानं सांगितलं. त्या फळीचं काम तेवढं एकच असतं, होडीला आडवं सरकू न देणं. ते मला मामांनी आंबिलीनंतर सांगितलं होतं.

तोपर्यंत पाण्याचे शिंतोडे बसून फळीवरचं पॉलिश पांढरं पडायला आणि चिकटायला लागलं होतं. कोरडं असताना निसरडं, ओलं झाल्यावर गोंद, असं ते पॉलिश होतं. वाऱ्याचा एक झोत आला, मी अर्धा घसरलो, अर्धा चिकटून राहिलो. ओला दांडा घासून मामांच्या पांढऱ्या पँटवर दिवाणाच्या रंगाचे पट्टे उठले. काठावरचं हसणं पाण्यावरून आमच्यापर्यंत नीट ऐकू येत होतं. मामांना आमच्यापेक्षा जास्तच ऐकू येत असणार. आम्ही तसेच आडवे आडवे जात पलीकडच्या काठाला, उतरलेल्या पाण्याच्या गाळात लावलेल्या टरबुजाच्या वाडीत जाऊन रुतलो. वाडीवाल्यानं आधी आम्हाला हाकललं आणि मग मामांना ओळखून दोन टरबुजं दिली. एका भोयानं आपल्या होडक्याला बांधून आम्हाला परत ओढून आणलं. एवढा सगळा वेळ मामांचा हात दांड्यावर होता.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. आमचे साहेब रागावतात तेव्हा मला निदान संध्याकाळी झोप लागते. मामांनी घरी येऊन पँट बदलली, टरबूज कापायला सांगितलं, मला आधी फोड दिली. मी ती खाल्ली. त्या वर्षी मी दुसऱ्यांदा टरबुजाला हात लावला नाही.

लातूरला परतताना, चाकूर मागं टाकेपर्यंत सुकन्या खिडकीबाहेर बघत होती. मग तिनं सांगितलं. नजर जायला लागली तसं अप्पा हातानं होडी चालवायला शिकले. वारा गालाला कळायचा, आणि सुकाणू सरळ आहे की वळलंय ते त्या खाचेत अंगठा कसा बसतो त्यावरून कळायचं. "ती खाच म्हणजे त्यांचे डोळे होते तिथले," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. मी तिला म्हणालो, दांडा असेल भाईंकडे, उद्याच आणतो. मला खरोखर तसं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला दांडी मारून मी कारखान्यात गेलो आणि भुशाचे ढीग उपसले. दस्तगीरभाईंनी काय शोधताय विचारलं. आता सगळं सांगावं लागलं, होडीसकट. ते ऐकत ऐकत स्टुलावर बसले. मग कोपऱ्यातल्या चुलीकडे बघितलं. मीही बघितलं.

"त्या दिवशी सुकी लाकडं नव्हती," ते हळूच म्हणाले. "होडी आहे म्हणून सांगायचं ना, यार. माझ्या अब्बांची करवत मी अजून कुणाला देत नाही."

त्या दिवशी त्यांनी मला चहा विचारला नाही, आणि विचारला असता तरी मी घेतला नसता. अर्धा कप मागून घेतला होता, ते सारखं आठवत होतं.

त्यानंतरच्या शनिवारी मी एकटाच नांदेडला गेलो. वाटेत मनात वाक्यं जुळवत होतो, नांदेड येईपर्यंत चांगली जुळली होती. मामा ओसरीत बसले होते. माझ्या पावलांवरून त्यांनी मला ओळखलं आणि सासूबाईंना पाणी आणायला सांगितलं. मी जुळवलेलं सगळं विसरलो आणि एवढंच म्हणालो की दांडा जळाला, मामा, आणि त्याच्यावर केलेला चहा मी प्यालो.

मग त्यांच्या मिशा किंचित हलल्या. "कसा झालता?" त्यांनी विचारलं.

मी खरं ते सांगितलं. चांगला झाला होता.

"लाकूडच हाय," ते म्हणाले. "कुजतं, न्हाईतर जळतं." मग हाताची मूठ करून उघडून बघितल्यासारखं केलं. "दुसरा दांडा करता येतोय, जावईबापू. पर तशी खाच पडायला माझी नोकरीनंतरची समदी वर्षं गेली. आता तेवढी न्हाईत माझ्यापाशी."

सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन दारात थांबल्या होत्या. त्या तशाच आत गेल्या आणि थोड्या वेळानं परत आल्या.

मग जमेल ते केलं. दस्तगीरभाईंनी मामांच्या मापानं पुरी फळी नव्यानं कापली, मला मशीनपासून लांब, रस्त्यापलीकडे उभं करून. पॉलिश खरवडून तेल पाजलं, होडीला चालणारं व्हार्निश कुठूनसं मागवलं, आणि मजुरी घ्यायला नाही म्हणाले. दांड्यासाठी मामांनी स्वतःच्या बांधावरच्या बाभळीची वाळलेली फांदी घेतली. काचेचा तुकडा घेऊन ते रोज सकाळी ओसरीत बसायचे, थोडं खरवडायचे, मुठीत धरायचे, मान हलवायचे, पुन्हा खरवडायचे. मी जाईन त्या रविवारी समोर बसून बघायचो. एकदा म्हणालो, मी करू का थोडं. त्यांनी दांडा दुसऱ्या बाजूला ठेवला. अंगठ्याची खाच त्यांनी कोरून काढली, पण मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळत होतं. हात तिथं जायचा आणि पाहुण्यासारखा बसायचा.

चैत्र लागला, पाणी रोज खाली चाललं होतं. एके दिवशी सुकन्याला मामांचा फोन आला. बोलणं झाल्यावर तिनं फोन माझ्याकडे दिला, असं ह्या प्रकरणानंतर पहिल्यांदाच झालं. मामा म्हणाले, रविवारी जायचं पाण्यात. तुम्हीबी या, होडीत तुमचं काम हाय.

मला किती बरं वाटलं ते सांगत नाही. ऑफिसात मी त्या दिवशी लोकांना विनाकारण चहा पाजला. होडीत माझं काम आहे. म्हणजे माफ केलं होतं, आणि नुसतं माफ नव्हे, विश्वासानं हाताशी घेतलं होतं. मी मोबाईलवर शिडाच्या होड्यांचे व्हिडिओ पाहिले आणि दोरीच्या काही गाठी शिकलो. (एक गाठ बाथरूमच्या दारावर अजून आहे, ती सुटत नाही.)

रविवारी वारा चांगला होता. सुकन्या पुढं बसली, मामा मागं. त्यांनी मला मधे, वाऱ्याच्या बाजूच्या काठावर बसवलं आणि सांगितलं की मी म्हणेन तेव्हा बाहेर रेलायचं, म्हणेन तेव्हा आत यायचं. मी विचारलं, दोरी धरू का? ते म्हणाले, नको. सुकाणूवर लक्ष ठेवू का? नको. मग हात कुठं ठेवू? ते म्हणाले, मांडीखाली.

निघालो, आणि ह्या वेळी होडी तोंड होतं तिकडेच गेली. पाण्यावर ती कशी जाते हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. सुकन्या पुढून हळू आवाजात सांगत होती, जाळं आहे उजवीकडं, आता मोकळं आहे, अप्पा. सातवीतल्या मुलीसारखी तिची वेणी उडत होती. ती एवढं सगळं जाणते हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊन माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं. मामांचा अंगठा दांड्यावर चुकत होता, हलत होता, दोनदा होडी उगाच वळली आणि ते तोंडातल्या तोंडात काही पुटपुटले. जुन्या दांड्यानं हे झालं नसतं, ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. तिसऱ्या वेळी ते पुटपुटले नाहीत. डोळे मिटून त्यांनी तोंड वाऱ्याकडे केलं. मी रेला म्हटलं की रेलत होतो, या म्हटलं की येत होतो.

काठाला लागलो तेव्हा सूर्य उतरला होता. सासूबाई तिथंच बसून होत्या. सुकन्यानं हात देऊन मामांना उतरवलं. ते माझ्याकडे वळले, म्हणजे मी जिथं असेन असं त्यांना वाटलं तिकडे वळले, आणि माझा खांदा सापडल्यावर त्याच्यावर हात ठेवला. "आज लई चांगलं काम केलंत, जावईबापू," ते म्हणाले.

एवढ्या दिवसांत हे ऐकायला मी तरसलो होतो. पण माणसानं तिथंच गप्प बसावं ना. मला नक्की काय जमलं ते सासूबाईंसमोर त्यांच्या तोंडून यावं असं वाटलं, म्हणून मी विचारलं, म्हणजे नेमकं काय केलं मी, मामा?

मामांनी थोडा विचार केला.

"आधी मी तिथं वाळूचं पोतं ठिवायचो," ते म्हणाले. "पर त्याला जागचं हलता येत न्हवतं. तुम्हाला येतंय."